मामांची लाल वही, पेटंटवाला एजंट आणि ८६१६४६०७९९

पूर्वभागवाला (रविवार, दुपारी ३:१२)
मंडळी जरा अर्जंट आहे, गणितवाले आणि कॉम्प्युटरवाले दोघांनीही बघा. आमचे मामा, वय ७१, इथं सोलापुरात एका मिलमध्ये हिशेबाला होते, मिल बंद पडली तसं पावरलूमवाल्यांच्या वह्या लिहून दिवस काढले आणि आता चार वर्षं झाली घरीच आहेत. आकड्यांचा नाद पहिल्यापासनंच. आता त्यांचं म्हणणं असं की कुठलीही मोठी संख्या द्या, तिचे मूळ अवयव काढायची पद्धत त्यांना सापडलीय. लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी असते बघा, तसली अर्धी वही भरलीय. आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलंय की बँकांची ऑनलाइन कुलपं, ओटीपीसकट सगळी, याच्यावरच उभी आहेत, मोठ्या संख्येचे अवयव कुणाला काढता येत नाहीत म्हणून ती टिकून आहेत, म्हणजे मामांनी काढून दाखवले की बँका दारात.
इथपर्यंत ठीक होतं ओ. पण एक पेटंटवाला एजंट गाठ पडलाय, त्याने १८ हजार मागितलेत, मंगळवारी पैसे घेऊन बोलावलंय. मामी बोलत नाहीत पण तोंड बारीक झालंय. मला मामांना खोटं पाडायचं नाही, फक्त मंगळवारच्या आत कळायला पाहिजे की वहीत दम आहे का नाही.

सातरस्ता_लोकल (३:२०)
मामांना म्हणावं आधी आमच्या खालच्या दुकानाचा वायफाय पासवर्ड काढा, चहा माझ्याकडून

कडक_भाकरी (३:३१)
येडा प्रश्न असेल पण याच्यात अवघड काय आहे? ३ ने भागून बघा, ५ ने बघा, ७ ने बघा, असं करत जायचं. आपल्याला जमत नसेल तर कॉम्प्युटर काय झोपा काढायलाय का बे

माहेर_सोलापूर (३:५८)
@कडक_भाकरी प्रश्न येडा नाहीये, सगळे इथूनच सुरू करतात. मी पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करते म्हणून सांगते. आज सर्रास वापरात असलेली आरएसए (अवयव काढणं अवघड यावरच उभी असलेली कुलूप-पद्धत) चावी २०४८ बिटची, म्हणजे ६१७ अंकी संख्या. तुझ्या पद्धतीने वर्गमूळापर्यंत जावं लागणार आणि तिचं वर्गमूळच ३०९ अंकी. समज तुझा कॉम्प्युटर सेकंदाला लाख कोटी भागाकार करतोय, तरी वर्षभरात तो ३ वर १९ शून्यं इतके करेल. म्हणजे २० अंकी आकडा. पोचायचंय ३०९ अंकी आकड्यापर्यंत. दहा लाख कॉम्प्युटर लावले तर २६ अंकी होईल, बस.
आणि पूर्वभागवाले, ओटीपीचा याच्याशी संबंध नाही, ते वेगळं प्रकरण आहे. ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं त्यात मात्र बऱ्याच ठिकाणी हेच गणित असतं.

कुंभारवेसकर (४:०५)
चर्चा कशाला, परीक्षा घ्या की. मामांना हा आकडा द्या: ८६१६४६०७९९. दोनच मूळ अवयव आहेत. मोबाइल द्यायचा नाही, साधं कॅल्क्युलेटर चालेल. आणि बाकीच्यांनी नेटवर शोधून इथं टाकू नका.

पूर्वभागवाला (५:२७)
मंडळी. जेवून पडले होते मामा, उठवून दिला आकडा. चहा होईपर्यंत नुसते बघत बसले, मग वही काढली आणि तीन प्रयत्नांत उत्तर आलं. ८९६८१ गुणिले ९६०७९. मी तीनदा गुणून बघितलं, बरोबर आहे.
मी शेजारीच बसलो होतो म्हणून जसं दिसलं तसं सांगतो. आधी वर्गमूळ काढलं, ९२८२४ आणि वर थोडं. म्हणाले आता ९२८२५ पासनं पुढचा एकेक आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्यातनं आपली संख्या वजा करायची, उरलेला आकडा जर पूर्ण वर्ग निघाला तर काम फत्ते. मी म्हटलं एकेक करत कधी संपणार, तर हसले. एकेक कशाला, आधी निवडायचं म्हणे, तांदूळ निवडतो तसं. संख्येला ८ ने भागलं तर ७ उरतात, म्हणजे घ्यायचा आकडा ४ च्या पाढ्यातलाच पाहिजे. ३ ने भागलं तर २ उरतात, म्हणजे ३ च्याही पाढ्यातला पाहिजे. झालं, फक्त १२ चा पाढा: ९२८३२, ९२८४४, ९२८५६, ९२८६८, ९२८८०. त्यात ४४ आणि ५६ वाल्यांचा वर्ग ३६ वर संपतो, त्यातनं ९९ गेले की शेवटी ७ येतो आणि ७ वर संपणारा वर्ग जगात नाही, ते दोन बाद. राहिले तीन.
९२८३२ ला उरले १३१९४२५, वर्ग नाही. ९२८६८ ला उरले ८००४६२५, हाही नाही. ९२८८० ला उरले १०२३३६०१, आणि इथं मामा कॅल्क्युलेटर न लावता म्हणाले ३१९९ चा वर्ग, कारण ३२०० चा वर्ग १०२४०००० आणि तो ६३९९ ने कमी. मग ९२८८० मधनं ३१९९ वजा केले आणि मिळवले, दोन अवयव हातात.
आता मला घाम फुटलाय. खरंच बँकेला फोन करायचा का?

सातरस्ता_लोकल (५:३०)
बाबो. वायफायचं मी मागे घेतो

कडक_भाकरी (५:३३)
मामांचा नंबर द्या राव (फोनचा)

निवृत्त_गणितवाले (६:१४)
मामांना माझा नमस्कार सांगा, हे मी चेष्टेने लिहीत नाहीये. ३२ वर्षं शाळेत शिकवलं, पण निवडून तीनवर आणणारा माणूस वर्गात एकदाच भेटला आणि तोही पुढे एसटीत कंडक्टर झाला.
कुंभारवेसकरांनी आकडा मुद्दाम निवडलाय हे लक्षात आलं. विल्यम जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७४ साली आपल्या पुस्तकात हा आकडा दिला होता आणि वर असं म्हटलं होतं की याचे अवयव माझ्याशिवाय कुणाला कधी कळतील असं वाटत नाही. गुणायला दोन मिनिटं, उलट जायला आयुष्य, हे त्याला दाखवायचं होतं. मुद्दा लाखमोलाचा होता, आज तुमच्या ब्राउझरमधलं कुलूप त्याच मुद्द्यावर चालतं, फक्त उदाहरण चुकीचं घेतलं त्याने. ८९६८१ आणि ९६०७९ एकमेकांच्या फारच जवळ आहेत.
मामांची पद्धत मात्र नवीन नाही. सतराव्या शतकात फर्मा नावाचा फ्रेंच माणूस होता, पेशाने कोर्टातला, गणित फावल्या वेळात. त्याने २०२७६५१२८१ चे अवयव याच वाटेने काढले, ४४०२१ आणि ४६०६१. विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहायची, क्ष वर्ग वजा य वर्ग म्हणजे क्ष वजा य गुणिले क्ष अधिक य, आठवी-नववीचंच सूत्र. हे मामांना सांगताना जरा जपून सांगा. कुणाचं न बघता तिथवर पोचणं सोपं नाही.

पूर्वभागवाला (६:४०)
सर सांगितलं. गप्प बसले. मग विचारलं, फर्मा कोर्टात कारकून होता का. मी म्हटलं वकील-न्यायाधीश असं काहीतरी. म्हणाले "मग बरोबर, त्यांना वेळ असतो".

माहेर_सोलापूर (७:२५)
आता मामांनी विचारायचा प्रश्न मी विचारते: दोन अवयव जवळजवळ नसतील तर? कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. जेव्हन्सच्या आकड्यात वर्गमूळापासून नुसतं ५५ पुढे गेलं की उत्तर होतं, म्हणून न निवडतासुद्धा ५६ प्रयत्नांत काम झालं असतं. पण ६१७ अंकी चावी बनवताना दोन मूळ संख्या एकमेकींचा काही संबंध नसलेल्या, चिठ्ठ्या टाकून उचलल्यासारख्या घेतात. त्यांच्यातलं अंतरच ३०८-३०९ अंकी असतं आणि मामांना कराव्या लागणाऱ्या प्रयत्नांची संख्याही साधारण तेवढीच अंकी येते. १२ च्या पाढ्यासारखी निवड कितीही कडक केली, हजारात एकच ठेवला, तरी ३०८ अंकांतले तीन अंक कमी होतात.
म्हणजे पद्धत चूक नाही, पण "कुठलीही संख्या" हे दोन शब्द चूक आहेत. मंगळवारी पैसे देऊ नका.

सातरस्ता_लोकल (७:३१)
पेटंटचं मी सांगतो, माझ्या भावजीने ॲपसाठी हेच केलेलं म्हणून माहीत आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ चा (के) भाग आहे, त्यात गणिती पद्धत आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळतच नाही असं सरळ लिहिलंय. म्हणजे मामांनी आइनस्टाइनलासुद्धा मागे टाकलं तरी नुसत्या पद्धतीवर पेटंट नाही. एजंटला हे माहीत नसेल तर तो एजंट नाही आणि माहीत असून १८ हजार मागत असेल तर काय ते तुम्हीच समजा. त्याला एवढंच विचारायला सांगा: साहेब, तीन के चं काय?

पूर्वभागवाला (७:४४)
हे भारी झालं. तीन के वहीवर लिहून घेतलंय मामांनी.

कडक_भाकरी (९:०२)
मला अजून एक कळेना. चावी बनवताना ३०९ अंकी मूळ संख्या घेतात म्हणता. मग ती मूळ आहे हे कसं कळतं? अवयव काढून बघितल्याशिवाय?

निवृत्त_गणितवाले (९:५०)
शाब्बास, हा प्रश्न बी.एस्सी.च्या पोरांना पडत नाही.
मूळ आहे का नाही हे ठरवणं आणि अवयव काढणं ही दोन निराळी कामं आहेत, पहिलं सोपं, दुसरं महाकठीण. माणूस आजारी आहे हे ताप बघून कळतं, आजार कुठला ते कळत नाही, तसं धरा. २ चा ६७ वा घात वजा १, ही २१ अंकी संख्या मूळ नाही हे ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं होतं, पण अवयव एकही हाती नव्हता. ते २७ वर्षांनी मिळाले. फ्रँक कोल नावाचे अमेरिकन प्राध्यापक १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये सभेत उठले, अवाक्षर न बोलता फळ्यावर एका बाजूला तो घात करून १ वजा केला, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ मांडून पूर्ण गुणाकार केला. दोन्ही आकडे जुळले आणि कोल जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला म्हणून नंतर विचारलं तर म्हणाले तीन वर्षांतले रविवार, असं सांगतात.
आणि मूळपणा तपासायची पद्धत झटपट, शिवाय शंभर टक्के खात्रीची असू शकते हे २००२ साली आपल्या आयआयटी कानपूरच्या तिघांनी सिद्ध केलं, मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. यातले दोघे तर नुकतेच बी.टेक. झाले होते. अवयवांसाठी मात्र साध्या कॉम्प्युटरवर चालणारी तशी झटपट पद्धत आजतागायत कुणाला सापडलेली नाही. ती नसतेच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही, हे मामांना मुद्दाम सांगा.

पूर्वभागवाला (१०:२०)
रविवारचं ऐकून मामी आतनं म्हणाल्या, इथं सातही वार तेच चाललंय.

चाळणीकर (सोमवार, सकाळी १०:४८)
धागा रात्री वाचला, झोप लागली नाही. मामांच्या पद्धतीतूनच पुढची पद्धत कशी निघते ते लिहितो, कारण ते पहिल्या पायरीवर उभे आहेत आणि वरची पायरी त्यांना दिसत असणार.
उदाहरण आपल्याच सोलापूरचं घेऊ, पिनकोड ४१३००१. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो, उरतात ४५८८९. वर्गमूळ २१४ च्या वर. मामांप्रमाणे २१५ पासून सुरू. पण आता उरलेला आकडा पूर्ण वर्ग यायची वाट बघायची नाही. नुसते बारीक अवयव पडतात का बघायचं, ७ पर्यंतचे. त्याहून मोठा अवयव दिसला की ओळ टाकून द्यायची.
२१५ → ३३६ = २×२×२×२×३×७, ठेवला
२१६ → ७६७ = १३×५९, टाकला
२१७ → १२०० = २×२×२×२×३×५×५, ठेवला (२१७ म्हणजे आपला सोलापूरचा एसटीडी कोड निघाला, योगायोग)
२१८ → १६३५ = ३×५×१०९, टाकला
असं करत २३३ पर्यंत गेलो. १९ ओळींत चारच टिकल्या: २१५, २१७, २२३ आणि २३३. शेवटच्याला उरले ८४००, म्हणजे २×२×२×२×३×५×५×७.
आता बघा, ३३६ वर्ग नाही आणि ८४०० पण नाही. दोन्हीत ३ आणि ७ विषम वेळा आलेत, म्हणून अडले. पण दोन्ही गुणले की जोड्या लागतात! ३३६ × ८४०० = २८२२४००, म्हणजे १६८० चा वर्ग. एकट्याला जमलं नाही ते दोघांनी मिळून केलं. मग २१५ × २३३ = ५००९५, त्यातून ४५८८९ काढले तर ४२०६. ४२०६ वजा १६८० = २५२६. आता २५२६ आणि ४५८८९ यांचा मसावि, शाळेतल्या भागाकाराच्या रीतीने दोन पायऱ्यांत ४२१. आणि ४५८८९ भागिले ४२१ = १०९. पिनकोड फुटला: ३×३×१०९×४२१.
नुसत्या मामांच्या वाटेने, न निवडता, २१५ ते २६५ असे ५१ प्रयत्न लागले असते. लहान आकड्यात फरक कमी दिसतो, आकडा वाढला की तोच डोंगराएवढा होतो.
आणि खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक ओळ भागून बघायचीसुद्धा गरज नाही. ७ ने भाग २१५ ला गेला की २२२ आणि २२९ ला जाणारच, २१९ ला गेला की २२६ आणि २३३ ला जाणारच. चादरीत चौकडा कसा ठरावीक धाग्यांनी परत येतो, तसाच. म्हणून एकेक ओळ न तपासता सगळ्या ओळींवरून ७ चा नक्षीपट्टा फिरवायचा, मग ५ चा, मग ३ चा. हीच चाळणी. कार्ल पोमेरान्स या अमेरिकन गणितज्ञाने १९८१ साली ही वर्गचाळणी मांडली.

माहेर_सोलापूर (सोमवार, दुपारी १:१५)
चाळणीकर, चादरीचं उदाहरण मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये चोरणार आहे.
याच चाळणीने एक मोठी शिकार झालीय. १९७७ मध्ये आरएसए शोधणाऱ्या तिघांनी, रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन, १२९ अंकी संख्या देऊन त्यात गुप्त संदेश ठेवला, फोडणाऱ्याला १०० डॉलर. फोडायला कोट्यवधी कोटी वर्षं लागतील असा अंदाज तेव्हा छापून आला होता. फुटली १९९४ मध्ये, १७ वर्षांत. जगभरातल्या ६०० च्या आसपास लोकांनी आपापले मिळून १६०० कॉम्प्युटर लावले, चाळलेल्या ओळी ईमेलने पाठवायचे. म्हणजे चाळायचं काम घरोघरी वाटून दिलं, बिड्या वळायला घरी नेतात तसं.
त्यानंतर आणखी तगडी चाळणी आली आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिने २५० अंकी संख्या फोडली. सगळं काम एकाच प्रोसेसर-कोअरवर टाकलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकी अजून फार लांब आहे. क्वांटम कॉम्प्युटर आला तर खेळ बदलेल, त्यावर अवयव झटपट काढायची रीत पीटर शोर यांनी १९९४ लाच लिहून ठेवलीय, पण तेवढं मोठं मशीन अजून कुणाकडे नाही. नवी कुलपं बनवायचं काम मात्र सुरू झालंय.
आणि आता मामांसाठी खास. २०२२ मध्ये हानो ब्योक नावाच्या जर्मन संशोधकाने इंटरनेटवरच्या खऱ्या चाव्या तपासल्या. काही प्रिंटरांनी स्वतः बनवलेल्या चाव्यांमध्ये दोन मूळ संख्या एकमेकींना चिकटून होत्या, सॉफ्टवेअरने पहिली घेतली आणि जवळचीच दुसरी उचलली. त्या चाव्या त्याने कशाने फोडल्या असतील? फर्माच्या पद्धतीने. म्हणजे मामांच्या. शेकडो अंकी आकडा, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रयत्न.

कुंभारवेसकर (सोमवार, दुपारी १:२२)
म्हणजे बँक नाही पण प्रिंटर फुटतो. काय वाईट नाही.

पूर्वभागवाला (मंगळवार, रात्री ९:०५)
उशीर झाला, पाणी आलं होतं, भरत बसलो. अपडेट देतो. मामा गेले एजंटकडे, मी सोबत होतो. पैसे शर्टच्या आतल्या खिशात. बसल्याबरोबर मामांनी विचारलं, तीन के चं काय? तो म्हणाला त्याला वाट काढता येते, टेक्निकल भाषेत लिहायचं. मामा म्हणाले ५० वर्षं मी पण टेक्निकल भाषेतच हिशेब लिहिलेत, आणि उठले. येताना नव्या पेठेत भजी खाल्ली, पैसे मामांनीच दिले, एजंटच्या बजेटमधनं म्हणे.
प्रिंटरवालं सर्वात जास्त आवडलं त्यांना. दोनदा वाचायला लावलं.
चाळणीकर, तुमची पोस्ट वहीत उतरवून घेतलीय पूर्ण, नक्षीपट्टा शब्द फार आवडला. पण तुमच्यासाठी निरोप आहे, जसाच्या तसा देतो: "त्यांना सांग, २१८ ची ओळ टाकली तिथं १०९ समोर उभा होता. २१८ म्हणजेच १०९ दोनदा. टाकायच्या आधी नुसता भाग लावून बघितला असता तर चौथ्याच ओळीत उत्तर होतं, पुढच्या पंधरा ओळी फुकट घासल्या."

चाळणीकर (मंगळवार, रात्री ९:११)
अरे देवा.

निवृत्त_गणितवाले (९:१३)
😄 पूर्वभागवाले, रविवारी मामा घरी आहेत का? मी वही बघायला येतो, शेंगा चटणी आणतो.